नेट नसलेल्या लिनक्स संगणकावर पॅकेजं कशी बसवायची

मी एका प्रयोगशाळेतले संगणक सांभाळते. त्यातले जे मोजमापाच्या उपकरणांना जोडलेले आहेत ते मुद्दाम नेटपासून तोडून ठेवलेले आहेत आणि तसेच राहणार आहेत. तरीही त्यांच्यावर बसणाऱ्यांना नवं सॉफ्टवेअर लागतंच. कुणाला आलेख काढायला ग्नूप्लॉट हवं असतं, कुणाला आकडेमोडीसाठी ऑक्टेव्ह. सॉफ्टवेअर नाही म्हणून कुणाचं काम अडून राहिलं तर मला ते मनापासून लागतं, त्यामुळे ही वाट मी नीट घडवली आहे. ती इथे सविस्तर मांडते.

या कामात नवा माणूस जे सहसा करतो ते आधी सांगते. तो नेट असलेल्या संगणकावरून हव्या त्या पॅकेजची (म्हणजे बसवायला तयार बांधून ठेवलेल्या सॉफ्टवेअरची) डेब फाइल, म्हणजे डेबियन आणि उबुंटूत चालणारी पॅकेजची फाइल, उतरवतो, पेनड्राइव्हवर घेतो आणि इकडे येऊन डीपीकेजीने, म्हणजे अशा फाइली बसवणाऱ्या प्रोग्रामने, बसवायला जातो. डीपीकेजी सांगतं की अमुक लायब्ररी (प्रोग्रामला लागणारा सामायिक कोड) नाही. तो परत जाऊन ती आणतो, तर तिला आणखी दोन लायब्रऱ्या लागतात. अशा खेपा दिवसभर चालतात. यात डीपीकेजीची चूक नसते. पॅकेज कशावर अवलंबून आहे हे त्याला वाचता येतं, पण ते कुठून आणायचं हे बघणं त्याच्या कामात येत नाही. ते काम ऍप्टचं, म्हणजे रिपॉझिटरीतून (पॅकेजांच्या नेटवरच्या कोठारातून) पॅकेजं आणणाऱ्या प्रोग्रामचं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ऍप्ट १९९९ साली, २.१ बरोबर आलं. आणि ऍप्टला हा हिशोब बरोबर करायचा तर त्याला एकच गोष्ट हवी असते: ज्या संगणकावर पॅकेज बसणार, त्यावर आज काय काय आहे याची यादी.

म्हणून माझा क्रम उलटा असतो. पेनड्राइव्ह आधी आतून बाहेर जातो, यादी घेऊन. मग बाहेरून आत येतो, पॅकेजं घेऊन. एवढं पाळलं की बहुतेक वेळा एकाच खेपेत काम होतं.

आज्ञांबद्दल एक सूचना. त्या मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या. मोठं अक्षर लागतं तिथे मी तसं सांगितलं आहे. फोल्डरच्या नावाची पहिली दोन-तीन अक्षरं लिहून टॅब दाबलं की बाकीचं नाव आपोआप येतं, त्याचा भरपूर उपयोग करा.

आधी कारण विचारा

संगणक नेटवर का नाही? नवीन लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि वायफाय दिसत नाही, असं कारण असेल तर पुढचं बरंचसं तुम्हाला लागणारच नाही. अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो फोन साध्या तारेच्या नेटवर्कसारखा दिसतो आणि त्यासाठी वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. तेवढ्या वेळात वायफायचं फर्मवेअर (त्या उपकरणाला लागणारं आतलं सॉफ्टवेअर) उतरवून घ्या. डेबियन १२, म्हणजे जून २०२३ मध्ये आलेली बुकवर्म, तेव्हापासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच असं फर्मवेअर येतं, त्यामुळे ही अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही.

संगणक नेटवर जाऊच द्यायचा नसेल तर मात्र फोन जोडू नका. तो काही मिनिटांसाठी जोडणं म्हणजेही नेट जोडणंच आहे.

पहिली खेप: यादी बाहेर काढणं

ऑफलाइन संगणकावर टर्मिनल उघडा. वितरण (डेबियन, उबुंटू असा लिनक्सचा प्रकार) कोणतं, आवृत्ती कोणती, हे पाहायला:

कॅट /ईटीसी/ओएस-रिलीज

प्रोसेसरचा प्रकार पाहायला:

डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर

बहुतेक डेस्कटॉपवर याचं उत्तर एएमडी६४ येतं, प्रोसेसर इंटेलचा असला तरी. रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डवर ते एआरएम६४ किंवा एआरएमएचएफ असू शकतं. वितरण, आवृत्ती आणि आर्किटेक्चर या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. उबुंटू २४.०४ चं पॅकेज २२.०४ वर ओढूनताणून बसवलं की ते बऱ्याचदा जीलिबसी या पायाभूत लायब्ररीपाशी अडकतं: प्रोग्राम सुरूच होत नाही आणि अमुक क्रमांकाची जीलिबसी सापडली नाही असं म्हणतो. असं झालं म्हणून जीलिबसी दुसऱ्या आवृत्तीतून उचलून आणायचा मोह कुणालाही होऊ नये. त्या संगणकावरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम तिच्यावर उभा असतो. ती बिघडली तर साधी एलएस आज्ञासुद्धा चालत नाही.

आता यादी. डीपीकेजी स्वतःचा सगळा हिशोब एकाच साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवतं:

/व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस

ही फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करा. ती काही एमबींची असते. त्यात बसवलेल्या प्रत्येक पॅकेजचं नाव, आवृत्ती आणि अवलंबन लिहिलेलं असतं. कॉपी करण्याआधी मात्र ही आज्ञा चालवून बघा (सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने चालव):

सुडो ऍप्ट-गेट चेक

काही अर्धवट बसलेलं असेल तर इथेच कळेल. ते आधी निस्तरा. अर्धवट अवस्थेतली यादी बाहेर नेली तर तिकडचं ऍप्टही ‘अवलंबनं पूर्ण नाहीत’ म्हणून पुढे जायला नकार देतं, आणि खेप फुकट जाते. वाइनसारखं (विंडोजचे प्रोग्राम चालवणारं) ३२ बिटचं काही बसवायचं असेल तर डीपीकेजी --प्रिंट-फॉरेन-आर्किटेक्चर्स याचं उत्तरही टिपून घ्या. तिथे आय३८६ दिसत असेल तर बाहेरच्या संगणकावरही ते डीपीकेजी --ऍड-आर्किटेक्चर देऊन जोडावं लागतं.

बाहेरच्या संगणकावर: हिशोब दुसऱ्याचा, डाउनलोड आपलं

बाहेरचा संगणक त्याच वितरणाचा, त्याच आवृत्तीचा आणि त्याच आर्किटेक्चरचा असला की काम सोपं. इथे फक्त ‘डाउनलोड कर, बसवू नको’ असं सांगून भागत नाही, कारण ऍप्ट या संगणकाची यादी बघतं. ज्या लायब्रऱ्या इथे आधीच आहेत त्या ते उतरवत नाही, आणि नेमक्या त्याच तिकडे नसतात. म्हणून ऍप्टला सांगायचं की स्वतःची यादी बाजूला ठेव आणि मी आणलेली वाच.

आधी पॅकेजं ठेवायला जागा करा. मी ती एसआरव्हीखाली करते, कारण घरच्या फोल्डरमध्ये ऍप्टच्या स्वतंत्र यूजरला शिरता येत नाही आणि ते उगाच इशारा दाखवत बसतं. आत पार्शल नावाचं फोल्डरही करून ठेवा; अर्धवट उतरलेल्या फाइली ऍप्ट तिथे ठेवतं.

सुडो एमकेडिर -पी /एसआरव्ही/डेब/पार्शल

सुडो ऍप्ट-गेट अपडेट

पेनड्राइव्हवरची स्टेटस फाइलही एसआरव्हीमध्ये आणा. मग ही लांब आज्ञा, सगळी एकाच ओळीत:

सुडो ऍप्ट-गेट -ओ डिर::स्टेट::स्टेटस=/एसआरव्ही/स्टेटस -ओ डिर::कॅश::आर्काइव्ह्ज=/एसआरव्ही/डेब --डाउनलोड-ओन्ली इन्स्टॉल ऑक्टेव्ह

डिर, पहिला स्टेट आणि कॅश यांची पहिली अक्षरं मोठी लिहायची. त्यांच्यामधली चिन्हं म्हणजे दोन-दोन विसर्गचिन्हं, इंग्रजी कोलन. --डाउनलोड-ओन्ली हा शब्द अजिबात विसरायचा नाही. तो नसेल तर ऍप्ट दुसऱ्या संगणकाच्या हिशोबाने या संगणकावर पॅकेजं बसवायला घेईल. मी तो शब्द आधी लिहिते आणि मग बाकीची आज्ञा त्याच्या मागेपुढे भरते. तुम्हीही एकदा तसं करून बघा.

एंटर दाबल्यावर येणारी यादी वाचा. ‘नवीन बसतील’ आणि ‘अपग्रेड होतील’ असे दोन गट दिसतील. ऑफलाइन संगणक बरेच महिने जुना असेल तर अपग्रेडच्या गटातही काही लायब्रऱ्या येतात. ते योग्यच आहे, कारण नव्या ऑक्टेव्हला त्यांची नवी आवृत्ती लागते. ‘काढून टाकली जातील’ असा तिसरा गट दिसला तर मात्र थांबा. बाहेरच्या संगणकावर वेगळी रिपॉझिटरी जोडलेली आहे किंवा आवृत्ती जुळत नाही, असा त्याचा अर्थ बहुधा असतो.

ऑक्टेव्हसारखी मोठी पॅकेजं शिफारस म्हणून आणखी बरंच काही ओढून आणतात. ते नको असेल तर --नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स जोडा. मात्र इथे तो जोडला असेल तर तिकडे बसवतानाही जोडावा लागतो. नाहीतर तिकडचं ऍप्ट शिफारस केलेली पॅकेजं नेटवर शोधायला जातं आणि नेट नाही म्हणून सगळंच थांबवतं.

पेनड्राइव्हचा प्रवास

इथे घाई नको. ऍप्टने उतरवताना प्रत्येक फाइल तपासलेली असते: रिपॉझिटरीच्या सहीवरून रिलीज फाइल, तिच्यावरून पॅकेजांची सूची, सूचीतल्या हॅशवरून (फाइलीच्या मजकुरातून काढलेल्या ठशावरून) डेब फाइल. सुट्या डेब फाइलवर स्वतःची सही सहसा नसते, म्हणजे ही साखळी बाहेरच्या संगणकावरच संपते. पुढचा टप्पा आपण जोडायचा. डेब फोल्डरमध्ये जाऊन:

शा२५६सम *.डेब > /एसआरव्ही/यादी.टीएक्सटी

डेब फाइली आणि ही यादी, दोन्ही पेनड्राइव्हवर घ्या. फोल्डरमध्ये लिहायला परवानगी नाही असं आलं तर यादी आपल्या घरच्या फोल्डरमध्ये लिहा, काही बिघडत नाही. कॉपी झाल्यावर सिंक ही आज्ञा द्या, ती पूर्ण होऊ द्या, आणि मगच पेनड्राइव्ह अनमाउंट करून काढा. खिडकीतली पट्टी शंभर टक्के दाखवते तेव्हाही बराच डेटा मेमरीत असू शकतो.

फॅट३२ पेनड्राइव्हवर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. डेब फाइली सहसा तेवढ्या मोठ्या नसतात, पण डीव्हीडीची आयएसओ (अख्ख्या डिस्कची एक फाइल) असू शकते; तिच्यासाठी एक्सफॅट बरं. फॅट आणि एक्सफॅट दोन्हींवर लिनक्सच्या परवानग्या आणि सिमलिंक टिकत नाहीत. पूर्ण फोल्डर जसंच्या तसं न्यायचं असेल तर त्याची टार फाइल करून न्या. काही डेब फाइलींच्या नावात %३ए असं विचित्र काहीतरी दिसेल. आवृत्तीत कोलन असतो तिथे ऍप्टच तसं लिहितं, कारण बऱ्याच फाइलसिस्टिमना नावात कोलन चालत नाही. ते नाव तसंच राहू द्या.

या कामासाठी मी वेगळा पेनड्राइव्ह ठेवला आहे आणि तो दुसऱ्या कशालाही वापरत नाही. नेटपासून तोडलेल्या संगणकात काही घातक शिरलंच तर ते याच दारातून शिरतं.

बसवणं

ऑफलाइन संगणकावर फाइली आधी डिस्कवर कॉपी करा. थेट पेनड्राइव्हवरून बसवू नका. मग त्या फोल्डरमध्ये:

शा२५६सम -सी यादी.टीएक्सटी

प्रत्येक ओळीपुढे ओके यायला हवं. एक जरी फाइल चुकली तरी ती पुन्हा आणायची. आता रंगीत तालीम:

ऍप्ट-गेट -एस इन्स्टॉल ./*.डेब

-एस म्हणजे फक्त करून दाखव, प्रत्यक्षात काही करू नको. इथे ऍप्ट काही नेटवरून आणायचं म्हणत नसेल तर हिशोब जुळला. मग सुडो लावून, -एस काढून, तीच आज्ञा. सुरुवातीचा टिंब आणि तिरकी रेघ महत्त्वाची आहे. त्यावरून ऍप्टला कळतं की ही फाइल आहे, रिपॉझिटरीतल्या पॅकेजचं नाव नव्हे. ही सोय ऍप्ट १.१ पासून आहे. त्याहून जुन्या संगणकावर सुडो डीपीकेजी -आय *.डेब वापरा. क्रमामुळे काही अडलं तर तीच आज्ञा पुन्हा द्या, आणि शेवटी सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए.

नेट असलेल्या संगणकांसाठी लिहिलेल्या बहुतेक सूचनांमध्ये एक सल्ला असतो: अवलंबनं अडली की ऍप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल द्या. नेट असताना ते राहिलेलं आणून देतं. नेट नसताना त्याच्यापुढे बहुधा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे अर्धवट बसलेलं पॅकेज काढून टाकणं. ते तसं विचारतंही. वाय दाबण्याआधी ते काय काढणार आहे हे वाचा.

असं फाइलीवरून बसवलं की सगळी पॅकेजं, लायब्रऱ्यासुद्धा, ‘मुद्दाम बसवलेली’ म्हणून नोंदली जातात. पुढे ऑक्टेव्ह काढलं तरी ऑटोरिमूव्ह त्यांना हात लावत नाही. लायब्रऱ्यांची नावं देऊन सुडो ऍप्ट-मार्क ऑटो ही आज्ञा दिली की नोंद सुधारते.

बाहेर जुळणारा संगणक नसेल तर

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो. बाहेर विंडोज असतं, किंवा दुसऱ्याच आवृत्तीचं लिनक्स. माझं आवडतं उत्तर म्हणजे लाइव्ह पेनड्राइव्ह. ऑफलाइन संगणकावर जी आवृत्ती आहे तिचीच आयएसओ पेनड्राइव्हवर लिहा, बाहेरचा संगणक तिच्यावरून सुरू करा, काही इन्स्टॉल न करता वायफाय जोडा, आणि वरचीच स्टेटसची युक्ती तिथे करा. लाइव्हमध्ये आधीपासून काय आहे याने फरक पडत नाही, कारण हिशोब आपण आणलेल्या यादीवरून होतो. उबुंटूमध्ये युनिव्हर्स हा विभाग चालू आहे ना ते बघा. ऑक्टेव्ह त्यात असतं. उतरवलेल्या फाइली बंद करण्याआधी दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या. लाइव्ह सत्र बंद झालं की त्यातलं सगळं जातं.

दुसरा मार्ग ऍप्ट-ऑफलाइन हा प्रोग्राम. तो पायथॉनमध्ये लिहिलेला आहे आणि त्याचा उतरवण्याचा भाग विंडोजवरही चालतो. ऑफलाइन संगणकावर सुडो ऍप्ट-ऑफलाइन सेट काम.सिग --इन्स्टॉल-पॅकेजेस ऑक्टेव्ह दिलं की एक छोटी फाइल बनते. ती बाहेर नेऊन ऍप्ट-ऑफलाइन गेट काम.सिग --बंडल काम.झिप. ती झिप परत आणून सुडो ऍप्ट-ऑफलाइन इन्स्टॉल काम.झिप, आणि मग नेहमीसारखं ऍप्ट-गेट इन्स्टॉल ऑक्टेव्ह. अडचण एवढीच की ऑफलाइन संगणकाकडे पॅकेजांच्या सूची असाव्या लागतात. त्या नसतील किंवा जुन्या असतील तर आधी --अपडेट लावून एक फेरी करायची आणि मग इन्स्टॉलची दुसरी. शिवाय हा प्रोग्राम स्वतः आधी तिकडे बसवलेला असावा लागतो. म्हणून नवा ऑफलाइन संगणक उभा करतानाच मी तो टाकून ठेवते.

टर्मिनलची भीती वाटणाऱ्यांसाठी सिनॅप्टिक चांगलं आहे. त्यात पॅकेजवर खूण करून फाइल मेनूतून डाउनलोडची स्क्रिप्ट बनवता येते. ती बाहेरच्या लिनक्सवर चालवायची आणि उतरलेल्या फाइली त्याच मेनूतून परत जोडायच्या. सूची ताज्या असाव्यात ही अट इथेही आहेच.

एकापेक्षा जास्त संगणक असतील तर

तेव्हा सुट्या फाइली सोडा आणि फोल्डरचीच रिपॉझिटरी करा. बाहेरच्या संगणकावर डीपीकेजी-डेव्ह हे पॅकेज असलं की डेब फोल्डरमध्ये:

डीपीकेजी-स्कॅनपॅकेजेस -एम . > पॅकेजेस

शेवटच्या पॅकेजेसमधला पी मोठा. फोल्डर प्रत्येक संगणकावर /एसआरव्ही/डेब इथे ठेवा आणि /ईटीसी/ऍप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी मध्ये लोकल.लिस्ट नावाची फाइल करून तिच्यात एकच ओळ लिहा:

डेब [ट्रस्टेड=येस] फाइल:/एसआरव्ही/डेब ./

मग ऍप्ट-गेट अपडेट आणि ऍप्ट-गेट इन्स्टॉल ऑक्टेव्ह. नेटवरचे जुने सोर्स अपडेटच्या वेळी तक्रार करत राहतील, म्हणून त्यांच्या फाइली बाजूला हलवून ठेवा. या पद्धतीत लायब्रऱ्यांची नोंदही आपोआप बरोबर होते, म्हणून मला ती जास्त पटते. ट्रस्टेड=येस म्हणजे ऍप्टला सही तपासू नको असं सांगणं आहे. ते फक्त स्वतः शा२५६ तपासून आणलेल्या फोल्डरसाठी वापरावं.

डेबियन असेल तर पहिली डीव्हीडी आणून ठेवणंही फायद्याचं. ती तयार आयएसओ म्हणून मिळते, पुढच्या बऱ्याचशा जिग्डो या प्रोग्रामने बनवून घ्याव्या लागतात. पॅकेजं लोकप्रियतेच्या क्रमाने भरलेली असल्यामुळे नेहमीचं बरंचसं पहिल्यातच सापडतं.

आणखी एक: ऑफलाइन संगणकाचं घड्याळ बघा. मदरबोर्डची बॅटरी गेलेली असली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि मग सही असलेल्या रिपॉझिटरीला ऍप्ट ‘ही अजून वैध झालेली नाही’ म्हणून नाकारतं. कारण लक्षात येईपर्यंत माणूस भलतीकडेच शोधत राहतो.

फेडोरा आणि आर्च

फेडोरामध्ये ऍप्टच्या जागी डीएनएफ असतं. तिथे डीएनएफ डाउनलोड --रिझॉल्व्ह --ऑलडेप्स ऑक्टेव्ह दिलं की बाहेरच्या संगणकावर काय आहे याची पर्वा न करता सगळी अवलंबनं उतरतात. फोल्डर मोठं होतं, पण काही राहून जात नाही. त्यावर क्रिएटरेपो_सी चालवा आणि ऑफलाइन संगणकावर त्या फोल्डरकडे बोट दाखवणारी रेपो फाइल करा. आरपीएममध्ये, म्हणजे फेडोराच्या पॅकेजांत, प्रत्येक फाइलची स्वतःची सही असते, त्यामुळे जीपीजीचेक चालूच ठेवा. इथे ते बंद करायचं काही कारण नाही.

आर्चवर हे काम पॅकमनचं: पॅकमन -एसडब्ल्यू (एस मोठा) उतरवतं आणि पॅकमन -यू (यू मोठा) फाइलीवरून बसवतं. पण आर्चमध्ये अर्धवट अपग्रेडला आधार नाही. एक नवं पॅकेज आणायचं तर अख्खी सिस्टिम त्या दिवसाच्या पातळीवर आणावी लागते. कायम ऑफलाइन राहणाऱ्या संगणकावर मी आर्च टाकत नाही.

ऍपइमेज, स्नॅप, फ्लॅटपॅक

एकच प्रोग्राम हवा असेल आणि त्याची ऍपइमेज मिळत असेल तर तिच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. एक फाइल आणायची, डिस्कवर ठेवायची, सीएचमॉड +एक्स द्यायचं, चालवायची. बऱ्याच ऍपइमेजना फ्यूज या लायब्ररीची दुसरी आवृत्ती लागते आणि उबुंटू २२.०४ पासून ती आधीपासून नसते. ती नसेल तर ऍपइमेजला --ऍपइमेज-एक्स्ट्रॅक्ट देऊन उघडता येतं.

स्नॅप या उबुंटूच्या पॅकेज पद्धतीत स्नॅप डाउनलोडने दोन फाइली मिळतात, एक स्नॅप आणि एक असर्ट (तिच्या सहीची फाइल). तिकडे आधी स्नॅप ऍक असर्ट-फाइलीवर, मग स्नॅप इन्स्टॉल. कोअर२२ सारखा पाया लागत असेल तर तोही असाच वेगळा न्यायचा. फ्लॅटपॅकमध्ये फ्लॅटपॅक क्रिएट-यूएसबी ही आज्ञा खास याच कामासाठी आहे.

इथे एक फसवी जागा आहे. काही डेब फाइलींत खरं सॉफ्टवेअर नसतंच. उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्सचं डेब हे स्नॅपकडे पाठवणारं आहे, क्रोमियमचंही तसंच. मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट देणारं टीटीएफ-एमएसकोअरफॉन्ट्स-इन्स्टॉलर हे पॅकेज बसताना फॉन्ट नेटवरून उतरवतं. अशी पॅकेजं ऑफलाइन संगणकावर नेऊन उपयोग नाही. डेब फाइल काही केबींची आणि प्रोग्राम भलामोठा, असं दिसलं की डीपीकेजी -सी देऊन आत काय आहे ते बघा.

पायथॉनवाल्यांसाठी

प्रयोगशाळेत ही मागणी रोजची. पायथॉनची पॅकेजं पिप बसवतं. पिप डाउनलोड -डी चाकं नमपाय दिलं की चाकं या फोल्डरमध्ये व्हील फाइली, म्हणजे पायथॉनची तयार पॅकेजं, येतात. तिकडे पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स=चाकं नमपाय. फोल्डरचं नाव अर्थातच इंग्रजी अक्षरांत काहीही ठेवा. पायथॉनची आवृत्ती दोन्हीकडे तीच हवी, ३.११ तर ३.११. ती तशी नसेल किंवा बाहेर विंडोज असेल तर डाउनलोडच्या वेळी --पायथॉन-व्हर्जन, --प्लॅटफॉर्म आणि --ओन्ली-बायनरी=:ऑल: हे तिन्ही द्यावे लागतात; प्लॅटफॉर्मच्या जागी मॅनीलिनक्स२०१४_एक्स८६_६४ सारखं नाव येतं. ऑफलाइन संगणकावर कंपायलर नसेल तर सोर्सवरून बांधायच्या फाइली तिकडे चालणार नाहीत, म्हणून ओन्ली-बायनरी मी नेहमीच लावते.

सुरक्षेचे अपडेट

नेट नाही म्हणून अपडेट नको, असं मला अजिबात वाटत नाही. पेनड्राइव्ह लागतो, माणसं बसतात, फाइली उघडल्या जातात. अपडेटसाठीही वाट तीच: ताजी स्टेटस फाइल बाहेर न्यायची आणि त्या लांब आज्ञेत शेवटी इन्स्टॉल ऑक्टेव्हच्या जागी डिस्ट-अपग्रेड लिहायचं. ताजी म्हणजे खरोखर ताजी, कारण मागच्या वेळी पॅकेजं बसवली तेव्हाच जुनी यादी शिळी झाली. कर्नल (सिस्टिमचा गाभा) बदलणार असेल तर डीएफ -एच /बूट देऊन जागा आधी तपासा आणि उपकरणावर चालू असलेलं मोजमाप संपेपर्यंत थांबा. ड्रायव्हर वेगळा बांधलेला असेल तर लिनक्स-हेडर्सचं पॅकेजही त्याच खेपेत आणा. नवा कर्नल सुरू होऊन उपकरण नीट दिसेपर्यंत जुना कर्नल काढू नका.